बाणाच्या उजव्या बाजूला

ता. ६ जानेवारी

टिटवे,

तुझ्या आईने माझं नवं खूळ आता साऱ्या नात्यात सांगितलंच असेल. होय, मी शाळेची शेवटची परीक्षा देतेय. मार्चमध्ये. बावन्नाव्या वर्षी. सातवीत सोडलेलं दप्तर आता उचललंय आणि ते भलतंच जड झालंय.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत संध्याकाळी आमचा वर्ग भरतो. मास्तर वयाने माझा मुलगा शोभतील. उत्तर चुकलं तरी आधी "उत्तम" म्हणतात, मग चूक सांगतात. त्यामुळे "उत्तम" ऐकलं की मी आधी खोडरबर उचलते. भाषा, इतिहास निभावून नेईन. पण रसायनातली ती समीकरणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तूच फोनवर म्हणालीस ना, की समीकरण कानाने सुटत नाही, हाताने लिहावं लागतं, आणि परीक्षेसाठी माझा हातही लिहिता व्हायला हवा. म्हणून हे पत्र.

माझं अडतं ते असं. बाणाच्या डावीकडे जे अणू, तेवढेच उजवीकडे हवेत, हे मला पटतं. घरात जितकी माणसं जेवायला बसली तितकीच हात धुवायला उठली पाहिजेत. पण परवा माझा एक ऑक्सिजन उरला. मी तो पाण्याच्या पोटात बसवून टाकला. H₂O चं H₂O₂ केलं. दोन्ही बाजू झक्क जुळल्या. मास्तर म्हणाले, "उत्तम. पण तुम्ही पाण्याचं दुसरंच काहीतरी करून ठेवलंत." म्हणजे काय केलं मी? पाणी ते पाणी.

घरी प्रयोग करून पाहिला. कपात खायचा सोडा घेतला, वरून व्हिनेगर ओतलं. इतकं फसफसलं की वहीची चार पानं भिजली. मजा वाटली. हॉटेलात एकोणीस वर्षं बाथरूम घासतेय, रोज हातात कसली ना कसली बाटली असते, पण बाटलीवरचं कधी वाचलं नव्हतं. आता वाचते. सोडियम नावाचा प्राणी निम्म्या बाटल्यांत बसलाय. आमच्यातली एक जण, आठ महिने झाले तरी तिला सगळे 'नवी'च म्हणतात, ती माझ्याकडे बघून हसते. म्हणते, मावशी, बाटल्या वाचायच्या नसतात, ओतायच्या असतात. पोरगी कामाला चांगली आहे. मी शिकवते तसं करते, उलट प्रश्न नाही.

पाण्याचं काय ते कळव. आणि तुझ्या विद्यार्थ्यांना माझ्याबद्दल सांगून हसू नकोस.

मावशी


ता. १२ जानेवारी

मावशी,

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरची दोन मुलं मात्र एकमेकांकडे बघत राहिली, कारण पाण्याचं H₂O₂ त्यांनीही केलं होतं. तू एकटी नाहीस.

आता नीट ऐक. नावाच्या आत, खाली जो बारीक आकडा असतो, तो त्या वस्तूचा स्वभाव. त्याला हात लावायचा नाही. H₂O म्हणजे पाणी. तू त्यात आणखी एक ऑक्सिजन कोंबलास की ते जखमा धुवायचं, केसांचा रंग उडवायचं औषध होतं. ते पाणी म्हणून प्यायलीस तर दवाखान्यात जाशील. आपल्याला बदलता येतो तो फक्त पुढचा मोठा आकडा. म्हणजे किती घेतलं, किती निघालं, तो. माणूस बदलता येत नाही, माणसं किती बोलवायची ते आपल्या हातात, असं समज.

तुझा सोडा आणि व्हिनेगर:

NaHCO₃ + CH₃COOH → CH₃COONa + H₂O + CO₂

मोजून बघ, हे आधीच जुळलेलं आहे. फसफसतं तो CO₂. तुझी चार पानं त्याने भिजवली.

आता किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो तो घे. तो CaCO₃. त्यावर व्हिनेगर टाकलंस की तो सुटतो, पण इथे एकास एक चालत नाही. एका कॅल्शियमला दोन व्हिनेगर लागतात:

CaCO₃ + 2CH₃COOH → (CH₃COO)₂Ca + H₂O + CO₂

तो '2' कुठे लिहिलाय पाहा. पुढे. पोटात नाही.

घरचा अभ्यास दोन. पहिला, शेगडीचा वायू जळतो: CH₄ + O₂ → CO₂ + H₂O. दुसरा, लोखंडाला गंज चढतो: Fe + O₂ → Fe₂O₃. गंजाचं अवघड आहे, रडू नकोस. आधी धातू मोज, मग बाकीचे, ऑक्सिजन सगळ्यात शेवटी.

आई म्हणते, तुला लहानपणी शाळेतून काढलं तेव्हा तू तीन दिवस जेवली नव्हतीस. हे मला माहीतच नव्हतं. परीक्षेच्या दिवशी मी तिकडे येणार आहे. नाही म्हणू नकोस.

तुझी टिटवी


ता. २ फेब्रुवारी

टिटवे,

उत्तर लिहायला उशीर झाला. कामावर गडबड होती. एक जण आजारी पडली, तिचं काम आम्ही बाकीच्यांनी वाटून घेतलं.

शेगडीचं सुटलं. CH₄ + 2O₂ → CO₂ + 2H₂O. गंजाला दोन दिवस लागले. 4Fe + 3O₂ → 2Fe₂O₃. बरोबर असावं.

आता एक वेगळं विचारते. पुस्तकात नाही, मास्तरांनी दिलंय. ब्लीचच्या बाटलीत असतं ते NaOCl. बाथरूमच्या ॲसिडात असतं ते HCl. हे दोन्ही एकत्र झाले तर बाणाच्या उजवीकडे काय येतं? आणि जे येतं ते बंद खोलीत नाकातोंडात गेलं, तर माणसाला त्याचा त्रास किती दिवस होतो? त्यातून माणूस उठतो का? तेवढं लिही. घाईने लिही.

हे पत्र तुझ्या आईला दाखवू नकोस. उगाच काळजी करत बसते.

तुझ्या शाळेत एखाद्या गरजू मुलीला पुस्तकं हवी असतील तर सांग. माझी जवळजवळ कोरी आहेत.

मावशी


ता. ६ फेब्रुवारी

मावशी,

हे समीकरण मी तुला सोडवून देणार नाही.

तुझं पत्र काल दुपारी मधल्या सुट्टीत मिळालं. शिक्षकांच्या खोलीत उभ्या उभ्या वाचलं. तुला पाच वेळा फोन केला. बंद. म्हणून तुझ्या मास्तरांना केला, त्यांचा नंबर मी तू वर्गात नाव घातलंस तेव्हाच घेऊन ठेवला होता. ते म्हणाले, असा प्रश्न त्यांनी दिलेलाच नाही. आणि तू गेले दोन आठवडे वर्गाला आलेली नाहीस. मग तुझ्या खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला फोन केला. तो म्हणाला, मावशी रोज कामावर जातात, येतात, कुणाशी बोलत नाहीत, दार लावून घेतात.

तू खोटं का बोललीस?

मी आता स्पष्ट विचारते, मला क्षमा कर. काका गेले त्या वर्षी तू आमच्याकडे राहायला होतीस. स्वयंपाकघरात तू आईला म्हणालीस, "मला आता सकाळ झालेली नको वाटते." मी अकरा वर्षांची होते, दाराआड होते. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण ते वाक्य इतकी वर्षं माझ्यापाशी आहे आणि काल तुझ्या पत्रातल्या "बंद खोलीत" या शब्दांपाशी ते परत ऐकू आलं. त्यात तू पुस्तकं वाटायला निघालीस.

मावशी, घरात ब्लीच किंवा ॲसिड असेल तर आजच शिंप्याकडे नेऊन दे. त्याला मी काही सांगितलेलं नाही, फक्त "मावशी काही सामान देतील ते ठेवून घ्या" म्हटलंय. खिडक्या उघड. फोन चालू कर. मला शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण बोल.

हे कुरिअरने पाठवतेय, उद्या पोचेल. बुधवारपर्यंत तुझा आवाज किंवा अक्षर मिळालं नाही तर मी गुरुवारची गाडी धरते. शाळेत रजा टाकून ठेवलीय.

टिटवी


ता. ८ फेब्रुवारी

माझ्या बाई,

नाही. तू समजलीस तसं नाही. आधी हे एक वाक्य तीनदा वाच आणि पाणी पी. मी मरायला निघालेली नाही. तू ते वाक्य दाराआडून ऐकलं होतंस हे वाचून मात्र मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर मी काय ठेवलं.

फोन बंद ठेवला कारण तो वाजला की मला वाटतं हॉटेलातून आलाय, नाहीतर हॉस्पिटलातून. चोराच्या मनात चांदणं. आता सगळं सांगते. बोलून सांगता येणार नाही, म्हणून लिहिते.

आमच्या हॉटेलात छप्पन्न खोल्या आहेत. बाथरूम म्हणजे कपाट मोठं म्हणावं, एकाही बाथरूमला खिडकी नाही. छताला एक पंखा आहे, तो निम्म्या ठिकाणी नुसता आवाज करतो. संडासाच्या भांड्याच्या कडेला पिवळा डाग बसतो, तो ब्लीचने जात नाही, ॲसिडनेही पुरता जात नाही. कामाला लागल्यावर पहिल्या वर्षी एका म्हातारीने मला शिकवलं की दोन्ही एकापाठोपाठ टाकायचं, तोंड फिरवून श्वास धरायचा, दार ओढून बाहेर यायचं आणि थोड्या वेळाने जाऊन घासायचं. डाग जातो. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, पण कामच ते. मी एकोणीस वर्षं तसंच केलं. आणि जी जी नवी बाई आली तिला तसंच शिकवलं. सगळ्यात वेगाने काम माझं, म्हणून शिकवायला सुपरवायझर बाई माझ्याकडेच पाठवायच्या.

या नवीलाही मीच शिकवलं.

वीस जानेवारीला सकाळी ती चौदा नंबरच्या खोलीत होती. मी समोरच्या खोलीत चादरी बदलत होते. तिचा खोकला ऐकू आला, मग बादली पडल्याचा आवाज, मग काहीच नाही. जाऊन दार ढकललं तर ते उघडेना. ती आतून दाराला टेकून पडली होती. कसंबसं ढकललं. आतून जो वास आला तो मी रोज थोडा थोडा घेत आले होते, पण तेवढा कधी नव्हता. तिला दंडाला धरून बाहेर ओढली. तिचे ओठ निळसर झाले होते आणि ती श्वास घ्यायचा प्रयत्न करत होती तेव्हा गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता. तिने माझा पदर इतका घट्ट धरला होता की हॉस्पिटलची गाडी आल्यावर तिची बोटं सोडवावी लागली.

गाडी गेल्यावर सुपरवायझर बाईंनी आम्हा सगळ्यांना भांडारात बोलावलं आणि दार लावून घेतलं. म्हणाल्या, तिला आधीपासून दमा असणार. साबणाने फरशी पुसत होती, एवढंच. बाटल्यांवर लिहिलंय की मिसळू नये, आणि कुणी मिसळलं असं बाहेर गेलं तर सगळ्यांच्याच नोकऱ्या जातील. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

बाटलीवर लिहिलंय, टिटवे. मी वाचलंही होतं. मला वाटलं होतं, दोन बाटल्या वेगवेगळ्या विकायच्या असतात म्हणून लिहितात तसं.

पुढचं ऐक. तिला मी बाहेर ओढलं म्हणून मॅनेजरने माझा फोटो काढून स्वागतकक्षात लावला. खाली लिहिलंय, प्रसंगावधान. रोज सकाळी मला त्याच्यासमोरून जावं लागतं. तिचा नवरा ट्रक चालवतो, तो लांबून आला आणि हॉस्पिटलच्या जिन्यात मला वाकून म्हणाला, तुमच्यामुळे माझ्या मुलीला आई राहिली. मी म्हटलं, असू दे. टिटवे, मी "असू दे" म्हटलं.

डॉक्टरीण बाईंनी मला विचारलं, हिने नेमकं काय हुंगलं? तुम्ही होता ना तिथे? मी म्हटलं, साबण. नवी बोलू शकत नव्हती, आणि तिलाही वाटतं की आपलीच छाती कमजोर. आता ताप हटत नाही. फुप्फुसाच्या चित्रात डाग दिसतात म्हणून त्यांना क्षयाची शंका आहे. तिला वेगळ्या खोलीत ठेवलंय. चार वर्षांच्या मुलीला आत सोडत नाहीत. ती काचेच्या दाराला नाक लावून उभी राहते. मी हे रोज बघते आणि डबा ठेवून परत येते.

मी वर्गाला गेले नाही, पण वही काढली होती. तुला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. डावीकडे ब्लीच आणि ॲसिड लिहिलं. उजवीकडे मीठ आणि पाणी लिहिलं, कारण Na आणि H कुठे जाणार. पण क्लोरीन उरत होता. तो मी पाण्याच्या पोटात कोंबला नाही, तू शिकवलंयस. बाजूला वेगळा लिहिला, Cl₂. मग हायड्रोजन एक कमी पडला म्हणून ॲसिडपुढे '2' लिहिला.

NaOCl + 2HCl → NaCl + H₂O + Cl₂

मोजलं. सगळं जुळलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं समीकरण कुणाला न विचारता जुळलं आणि मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. पुस्तकाच्या मागच्या पानांत क्लोरीन शोधला. पिवळसर हिरवा, विषारी वायू. लढाईत माणसं मारायला वापरला होता म्हणे. आणि मी तो एकोणीस वर्षं बाथरूमचं दार ओढून आत कोंडत होते.

मी हे चुकवलंय का, तेवढंच सांग. एकदा वाटतं चुकलं असू दे.

मावशी


ता. १० फेब्रुवारी

मावशी,

सकाळी फोनवर तू रडलीस आणि मी ओरडले, त्यामुळे निम्मं राहून गेलं.

चुकलेलं नाही. एकही अणू चुकलेला नाही.

आज दुपारी डॉक्टरीणबाईंना भेटायचं तू कबूल केलंयस. हे पत्र पोचेल तोवर तू जाऊन आलेली असशील असं मी धरून चालते. त्यांना वहीचं पान दाखव. तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही तर नुसतं पान पुढे कर, त्या वाचतील. क्षय नाही हे कळलं तर उपचार बदलेल आणि निदान काचेचं दार तरी उघडेल.

पण हॉटेलात काही बोलू नकोस. हे मी विचार करून लिहितेय. तुला कागदावर कुणी शिकवायला नेमलेलं नव्हतं, बाटल्या त्यांनी घेतल्या, खिडकी त्यांनी ठेवली नाही. तू बोललीस तर सगळं तुझ्या एकटीवर ढकलून ते मोकळे होतील. नवऱ्यालाही सांगू नकोस. ट्रकवाला माणूस, संतापला तर काय करेल कोण जाणे. पोलिसात गेला तर? बावन्नाव्या वर्षी तुला मी कोठडीत बघायचं का? डॉक्टरांना सांगितलंस की तुझं कर्तव्य झालं. मग गप्प राहा, परीक्षा दे आणि इकडे निघून ये.

शाळेत मी मुलांना खरं बोला म्हणून सांगते आणि तुला हे लिहितेय, ते मला दिसतंय. मला भीती वाटते, मावशी. मला दुसरी मावशी नाही.

टिटवी


ता. २४ फेब्रुवारी

टिटवे,

तुझं अर्धं ऐकलं. अर्धं नाही ऐकलं.

डॉक्टरीण बाईंनी पान दोनदा वाचलं. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी फक्त विचारलं, "हे कधीपासून माहीत होतं?" मी तारीख सांगितली. त्यांनी ती कागदावर लिहून घेतली आणि परिचारिकेला हाक मारली. त्याच संध्याकाळी नवीला वेगळ्या खोलीतून बाहेर आणलं. औषधं बदलली. ताप पाचव्या दिवशी उतरला. फुप्फुस थोडं कायमचं गेलंय. जिना चढताना तिला थांबावं लागेल, म्हणाल्या. तीन आठवडे आधी कळलं असतं तर फरक पडला असता का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, "थोडा." थोडा म्हणजे किती, हे विचारायचं धैर्य झालं नाही.

नवीला मात्र त्याच पहिल्या संध्याकाळी सांगितलं. नवरा तिथेच होता, तोही ऐकत होता. मी शिकवलं, ते विष होतं, मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर माहीत झालं आणि तरी मी बोलले नाही. असंच सांगितलं, क्रमाने. नवीने भिंतीकडे तोंड केलं. तिचा नवरा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "जिन्यात मी वाकलो होतो. तेव्हा तरी बोलायचं होतंत." मी डबा तिथे ठेवला नाही, परत आणला. पुन्हा येऊ नका असं कुणी म्हणालं नाही, पण मला कळलं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात गेले. स्वागतकक्षातला फोटो मी स्वतः भिंतीवरून उतरवला. मग भांडारात सगळ्या जमल्यावर दाराच्या आतल्या बाजूला खडूने समीकरण लिहिलं आणि एकेक अक्षर सांगितलं. सुपरवायझर बाई म्हणाल्या, हे काय चाललंय. मी म्हटलं, शिकवतेय, मलाच पाठवायचात ना शिकवायला. दुपारपर्यंत माझी नोकरी गेली. मॅनेजर म्हणाला, चूक तुमच्या एकटीची आहे असं आम्ही लिहून ठेवतोय. तू म्हणाली होतीस तसंच. पोलीस अजून आले नाहीत. येतील तेव्हा येतील.

पण टिटवे, खरी भीती त्यानंतर सुरू झाली. समीकरण समजावत होते तेव्हा एक जण तोंडावर हात ठेवून म्हणाली, मी घरी पण असंच करते. दुसरी म्हणाली, मी माझ्या बहिणीला सांगितलंय, ती शाळेत सफाईला आहे. आणि मग मला एकदम दिसलं. एकोणीस वर्षं. किती जणी आल्या, शिकल्या आणि सोडून गेल्या. त्या गेल्या तिथे जाऊन काय करत असतील? कुठल्या कुठल्या बिनखिडकीच्या खोल्यांत?

घरी आले, वहीच्या कोऱ्या पानांवर आठवतील तेवढी नावं लिहिली. एकतीस. गेले बारा दिवस सकाळपासून चालतेय. दवाखाने, वसतिगृहं, नाट्यगृह, लोकांची घरं. सतरा सापडल्या. सतराच्या सतरा अजून तसंच करत होत्या. त्यातल्या एकीला दोन वर्षांपासून खोकला आहे आणि कारण कुणाला सापडत नाही. ती मला म्हणाली, तुमची आठवण काढते हो मावशी, तुमच्या युक्तीने काम लवकर उरकतं.

प्रत्येक दार वाजवताना वाटतं, उशीर झाला असेल. कुणी दार उघडायला वेळ लावला की मला चौदा नंबरची खोली दिसते.

एक जण तुझ्या गावी गेलीय. उंच, डाव्या भुवईवर व्रण, सगळ्या तिला 'शिडी' म्हणायचो. नदीकाठच्या दातांच्या दवाखान्यात सफाईला आहे, एवढंच कळलंय. फोन नाही. तू जा. पत्र वाचून झालं की लगेच जा, शाळा सुटायची वाट बघू नकोस.

मावशी


ता. १ मार्च

मावशी,

शाळा सुटायची वाट बघितली नाही. मुलांना गंजाचं समीकरण सोडवायला दिलं, शेजारच्या वर्गातल्या बाईंना लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघाले.

नदीकाठी दातांचे तीन दवाखाने आहेत. पहिल्या दोन्हीकडे अशी कुणी नव्हती. तिसऱ्याकडे गेले तर फाटकापाशीच एक उंच बाई बाकावर बसून चहा पीत होती. भुवईवर व्रण. मी तुझं नाव सांगितलं तर ती उठून उभी राहिली आणि हसली. तुझी तब्येत विचारली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, नीट नाही, एका दमात. पिशवीतून वही काढून समीकरण लिहिलं. तिला अक्षरं कळली नाहीत. तेव्हा मी तुझ्या नवीचं सांगितलं, ओठांचं, शिट्टीचं.

ती म्हणाली, इथल्या डॉक्टरांनी ब्लीच कधीच बंद केलंय, म्हणून इथे नाही करत. मला हायसं वाटलं. मग तिने कप खाली ठेवला आणि तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "मी सुनेला शिकवलंय."

सून कुठे असते, मी विचारलं. घरीच. दिवस गेलेत तिला, सातवा महिना. आज घर धुवायचं म्हणत होती.

फोन केला. वाजत राहिला, उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. दवाखान्यात सांगायलाही ती थांबली नाही, आहे त्या चपलांनिशी निघाली, मी मागे. त्यांचं घर चढावर, पंधरा मिनिटांच्या वाटेवर आहे. रिक्षा दिसली नाही. ती साठीची बाई पुढे पळत होती आणि मला गाठता येत नव्हतं. मावशी, त्या पंधरा मिनिटांत मला समजलं की तू बारा दिवस कशी चाललीस. आणि तुला "गप्प राहा" लिहिणारी मी कोण होते, तेही समजलं. तू माझं ऐकलं असतंस, तर मी तेव्हा वर्गात गंज शिकवत असते.

दार आतून लावलेलं होतं. सासूने दोन्ही हातांनी थापा मारल्या, सुनेला हाका मारल्या. आतून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता, दुसरं काही नाही. मी खिडकीला नाक लावून वास घेतला. मला वास येतोय की नाही तेच कळेना.

मग पाणी थांबलं. कडी निघाली. सून दारात उभी होती, पोट पुढे, हात कोपरापर्यंत ओले. "अहो आई," ती म्हणाली, "भांडी घासत होते. बाथरूम अजून व्हायचंय. काय झालं?"

सासू तशीच आत शिरली. तिने सुनेचे ओले हात तसेच धरून ठेवले. मी उंबऱ्यावरच बसले.

तुझी टिटवी